प्रा. रा. द. रानडे : निंबाळचा एकांत आणि संतवाङ्मयाचा अभ्यास

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना प्रा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे परिचित आहेत ते मुख्यतः दोन इंग्रजी ग्रंथांमुळे. उपनिषदांच्या तत्त्वज्ञानाची विधायक मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला आणि ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा १९३३ साली. या ग्रंथांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते ज्या दिनक्रमातून निर्माण झाले त्याविषयी मात्र विद्यापीठीय लेखनात सहसा मौनच आढळते. तो विषय सांप्रदायिकांचा समजून बाजूस ठेवला जातो. ही विभागणी प्रस्तुत लेखकास मान्य नाही. रानडे यांनी आयुष्यातील फार मोठा वेळ एकांतासाठी राखून ठेवला होता, आणि त्यांच्या विद्वत्तेचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा ही दोन्ही त्या राखून ठेवण्याशी जोडलेली आहेत.

रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. दरबाराची भाषा मराठी, बाजारपेठेची कन्नड, आणि देवळातील भजनात दोन्हींची पदे, अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. जत भागातील उमदी गावचे भाऊसाहेब महाराज यांनी १९०१ साली त्यांना नाममंत्र दिला. त्या वेळी ते पंधरा वर्षांचे होते. निंबरगी महाराजांपासून चालत आलेल्या या परंपरेत साधनेला ‘नेम’ म्हणतात. ठरल्या वेळी बसावे, नाम मनातल्या मनात घ्यावे, दासबोधाचे वाचन करावे आणि प्रपंच सोडू नये, एवढीच त्या नेमाची मांडणी. मठाची वस्त्रे नाहीत, संन्यास नाही. भाऊसाहेबांचे शिष्य शेतकरी, कुलकर्णी, शिक्षक, कारकून असे होते आणि प्रत्येकाने आपापल्या कामातून तास काढावयाचे होते.

विद्यार्थिदशेत रानडे यांचा नेम काहीसा सैलच होता असे दिसते. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांनी गणित घेऊन पदवी मिळविली. पुढे १९०९ साली ते गंभीर आजारी पडले आणि प्रकृती जन्मभर तोळामासाच राहिली. गणिताकडून तत्त्वज्ञानाकडे वळणे आणि नाममात्र नेमाकडून कसून केलेल्या साधनेकडे वळणे, या दोन्ही घटना या आजाराच्या पुढेमागे घडल्या. १९१४ साली त्यांनी तत्त्वज्ञानात एम.ए. केले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात ते अध्यापन करू लागले. काही काळ सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातही होते. ग्रीक तत्त्वज्ञानाची, विशेषतः हेराक्लिटसची, त्यांना ओढ होती. याच कालखंडात पत्नी आणि अपत्य यांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. चरित्रकाराने या दुःखाचा फार विस्तार करू नये. तथापि तुकारामांवरील त्यांचे प्रकरण वाचताना ते विसरूही नये.

१९२४ च्या सुमारास त्यांनी पुण्यातील नोकरी सोडली. त्यांचे बस्तान बसले ते निंबाळ येथे, विजापूरच्या उत्तरेस, होटगी–गदग लोहमार्गावरील एका लहान स्टेशनाजवळ. बंगळूरहून विजापूरमार्गे सोलापूरला जाणारी गाडी आजही या स्टेशनावरून जाते. अभ्यागत म्हणून बंगळूरला आल्यानंतर प्रस्तुत लेखकाने हा प्रवास केला आहे. सपाट माळ, ज्वारीची शेते, उन्हाची तिरीप, आणि दोन गाड्यांच्या मधली दीर्घ शांतता, याहून तेथे पाहण्यासारखे काही नाही. कदाचित म्हणूनच ती जागा निवडली गेली असावी. हिमालय किंवा नदीकाठ शोधण्याऐवजी त्यांनी रेल्वेचे स्टेशन निवडले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. ज्याला परत कामावर जावयाचे आहे, असा मनुष्यच अशी जागा निवडतो.

आणि कामावर त्यांना लवकरच जावे लागले. गंगानाथ झा यांच्या आमंत्रणावरून ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. विभागप्रमुख, कलाशाखेचे अधिष्ठाता, काही काळ कुलगुरू अशी पदे सांभाळून १९४६ साली ते निवृत्त झाले. अलाहाबाद ते निंबाळ हे अंतर हजाराहून अधिक किलोमीटरांचे. होटगीला गाडी बदलून मीटरगेजने पुढे जावयाचे. प्रकृतीने अधू अशा या मनुष्याने सुट्ट्यांमध्ये हा प्रवास वर्षानुवर्षे केला. वेळ उरला तर साधना, असा त्यांचा हिशेब नव्हता. आधी नेमाचे तास ठरत आणि राहिलेल्या दिवसात व्याख्याने, बैठका, लेखन यांची सोय लावली जाई. आज दूरध्वनीच्या घणघणाटात आणि समित्यांच्या पत्रव्यवहारात बुडालेल्या अध्यापकाला हे चैनीचे वाटेल. परंतु ज्याला कुलगुरूच्या खुर्चीवरही बसावे लागले, त्याला निवांतपणा आयता मिळाला होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

या निवडीची किंमत मात्र त्यांनी दिली. १९२४ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने तत्त्वज्ञान व धर्म यांच्या अभ्यासाची अकादमी निघाली होती. श्री. कृ. बेलवलकर यांच्या सहकार्याने भारतीय तत्त्वज्ञानाचा इतिहास सोळा खंडांत लिहिण्याची योजना आखली गेली. त्यांतील दोनच खंड प्रसिद्ध झाले, १९२७ साली दुसरा आणि १९३३ साली सातवा. योजना अपुरी राहण्याची कारणे अनेक असतील, पण रोजचे कित्येक तास ज्याने लेखनाला द्यावयाचे नाहीत असे ठरविले आहे, त्याच्याकडून सोळा खंड व्हावयाचे नव्हते हेही खरे. हे त्यांचे अपयश मानावे की निवड, याचे उत्तर मी अजून देऊ शकलेलो नाही.

जो सातवा खंड झाला, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ज्ञानेश्वरांचा गूढवाद बौद्धिक, नामदेवांचा लोकसत्ताक, एकनाथांचा समन्वयात्मक, तुकारामांचा वैयक्तिक आणि रामदासांचा कर्मप्रधान, असे पाच वर्ग त्यांनी केले. त्याआधी त्यांनी ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास इत्यादींच्या वचनांचे वेचे ‘वचनामृत’ या नावाने मराठीत सिद्ध केले होते. या वेच्यांची मांडणी कालक्रमाने वा छंदाने होत नाही. साधकाच्या अनुभवाच्या पायऱ्यांनी होते. भंडाऱ्याच्या डोंगरावरील तुकारामांचा एकांत, त्यांची तळमळ, देव भेटत नाही म्हणून केलेला आक्रोश, यांना रानडे ख्रिस्ती साधकांच्या परिभाषेतील आत्म्याच्या काळरात्रीशेजारी बसवितात. तौलनिक अभ्यासक म्हणून येथे मी थबकतो. स्पेन आणि देहू यांमधील ही उडी ग्रंथालयातील संदर्भांच्या आधारे मारलेली नाही. दोन्हीकडील वर्णने आपल्या अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहणाऱ्या वाचकाने ती मारली आहे. म्हणूनच ती कित्येकदा अचूक ठरते.

परंतु हीच पद्धत काही गोष्टी दृष्टीआड करते. अभंग आपल्या प्रसंगापासून तुटतो. चोखामेळा आणि जनाबाई रानडे यांच्या ग्रंथात आहेत, पण त्यांना एकांत कोठून आणि किती मिळत होता, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. जनाबाईंचे नामस्मरण दळणकांडणात चालले. चोखोबांना देवळाबाहेर जे एकटेपण मिळाले ते त्यांनी निवडलेले नव्हते. नियमित वेतन, दीर्घ सुट्ट्या आणि माळावरचे घर ज्याच्याजवळ आहे, त्याच्या एकांताहून हा एकांत वेगळा. रानडे यांच्या गूढवादात सर्व साधक एकाच उंचीवर भेटतात. तेथवर चढून येण्याची वाट सर्वांची सारखी नव्हती, ही नोंद नंतरच्या अभ्यासकांना करावी लागली.

पुढे एक अडचण खुद्द निंबाळातच उभी राहिली. गुरुबंधू अंबुराव महाराज १९३३ साली निवर्तले आणि परंपरेची जबाबदारी रानडे यांच्याकडे आली. आता सुट्टीत निंबाळला पोचावे तो साधक वाट पाहत असत. सप्ताह, भजन, नव्या साधकांना नाम देणे, आलेल्यांच्या जेवणाखाण्याची चौकशी अशा गोष्टींनी एकांताची जागा वर्दळीची झाली. विद्यापीठापासून दूर जाता येत होते, शिष्यांपासून कोठे जाणार? त्यांनी गुरुपणाचा थाट होऊ दिला नाही आणि नेमाचे तास सोडले नाहीत. माणसांना भेटणे, तेही मोजके बोलून, उरलेल्या वेळात ठेवले. प्रवचनांहून पदे म्हणवून घेऊन त्यांवर विचार करणे त्यांना अधिक रुचे. मराठी पदामागून कन्नड, कन्नडामागून हिंदी असे ते चाले. उत्तरायुष्यातील त्यांचे ग्रंथ याच बैठकांतून वाढले. हिंदी संतवाणीवरील ‘परमार्थसोपान’ आणि त्याचा इंग्रजी जोडग्रंथ १९५४ साली आले.

६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे रानडे यांचे निधन झाले. त्यांची समाधीही तेथेच आहे. गीतेवरील त्यांचा ग्रंथ १९५९ साली निघाला. कन्नड संतांवरील ग्रंथ १९६० साली आला आणि माझ्या मते तो त्यांच्या सर्व लेखनात सर्वांत कमी वाचला गेलेला आहे. मराठी अभ्यासक तो कन्नडांचा समजतात आणि कन्नड अभ्यासक रानडे यांना मराठी समजतात. त्यात बसवेश्वर आणि पुरंदरदास आहेत, आमच्या बंगळूरचे सर्पभूषण शिवयोगी आहेत आणि विजापूर भागातील काखंडकीचे महिपतिदासही आहेत. महिपतींनी कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत पदे रचली. आदिलशाही दरबारातील मोठा अधिकार सोडून ते साधनेकडे वळले, असे परंपरा सांगते. काखंडकी निंबाळहून फार दूर नाही. दरबार सोडणारे महिपती आणि विद्यापीठ न सोडणारे रानडे यांची तुलना अद्याप कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ती करावयाची झाल्यास दोन्ही भाषांतील पदे समोर ठेवूनच करावी लागेल.