बूझीची तांबडी वाइन आणि मादाम क्लिको

जबलपूर, 29 जुलै : विधवेने सांभाळलेल्या राज्याची कथा नर्मदाकाठच्या मराठी माणसाला नवी नाही. जबलपूरहून पश्चिमेकडे वाहणारे हेच पाणी पुढे महेश्वरच्या घाटाला लागते. अहिल्यादेवी होळकरांनी तेथूनच 1795 पर्यंत कारभार पाहिला. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी फ्रान्समधील रेंस या शहरात 27 वर्षांची एक स्त्री विधवा झाली. तिच्या पदरी सहा वर्षांची मुलगी होती आणि समोर वाइनचा डळमळता व्यापार. मादाम क्लिको या नावाने पुढे जगभर ओळखल्या गेलेल्या या उद्योजिकेचा आज स्मृतिदिन.

बार्ब-निकोल पोन्सार्दां यांचा जन्म 16 डिसेंबर 1777 रोजी रेंसमध्ये झाला. वडील कापड उद्योगातील धनिक आणि राजकारणात वारा ओळखणारे होते. राज्यक्रांतीच्या काळात ते क्रांतिकारकांच्या बाजूला गेले. पुढे नेपोलियनच्या राजवटीत ते शहराचे महापौर झाले आणि त्यांना सरदारकीही मिळाली. 1798 मध्ये बार्ब-निकोल यांचा विवाह फ्रान्स्वा क्लिको यांच्याशी झाला. क्लिको घराण्याची पेढी 1772 पासूनची होती. कापड आणि सावकारी यांच्या जोडीला ती वाइनही विकत असे. फ्रान्स्वा यांनी वाइनकडे अधिक लक्ष दिले. परंतु युद्धांमुळे परदेशी बाजारपेठा विस्कळीत झाल्या होत्या. ऑक्टोबर 1805 मध्ये तापाच्या आजाराने त्यांचे निधन झाले.

1804 मध्ये लागू झालेल्या नेपोलियनच्या नागरी संहितेनुसार विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून करार करता येत नसे. अविवाहित मुलगी पित्याच्या छत्राखाली असे. विधवेला मात्र स्वतःच्या नावाने व्यवहार करण्याची मोकळीक असे. आपल्याकडे त्या काळी वैधव्याने उच्चवर्णीय स्त्रीचे जग आक्रसत असे. तेथे कायद्याच्या एका फटीतून ते काहीसे उघडत होते. बार्ब-निकोल यांनी ती फट हेरली. पेढी मोडीत काढू पाहणाऱ्या सासऱ्यांचे त्यांनी मन वळवले आणि त्यांच्याकडून भांडवल मिळवले. आलेक्सांद्र फूर्नो या जाणत्या व्यापाऱ्याबरोबर त्यांनी चार वर्षांची भागीदारी केली. या भागीदारीतून फारसे काही हाती लागले नाही. 1810 मध्ये ती संपली, तेव्हा त्यांनी पेढीला स्वतःचेच नाव दिले : व्हव्ह क्लिको पोन्सार्दां. फ्रेंचमध्ये ‘व्हव्ह’ म्हणजे विधवा. पुढे हाच शब्द बाटलीवर मिरवू लागला.

पहिली वर्षे हलाखीची होती. समुद्रावर नाकेबंदी होती आणि रशियाचा बाजार बंद होता. 1811 मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला. त्या वर्षी द्राक्षांचे पीक असामान्य आले आणि त्या हंगामाची वाइन मादाम क्लिको यांनी तळघरात राखून ठेवली. 1814 मध्ये नेपोलियनचा पाडाव होताच, इतर व्यापारी वाट पाहत असताना, त्यांनी आपले विक्रेते लुई बोन यांच्या हाती 10 हजारांहून अधिक बाटल्या देऊन एक जहाज गुपचूप बाल्टिक समुद्राकडे रवाना केले. वाटेत बाटल्या फुटल्या असत्या किंवा माल जप्त झाला असता, तर पेढी बहुधा तेथेच बुडाली असती. प्रत्यक्षात सगळा माल चढ्या भावाने विकला गेला. रशियात क्लिको हे नाव इतके रुळले की पुश्किनच्या काव्यातही त्याचा उल्लेख आला.

मागणी वाढली, पण माल वेळेत तयार होईना. शॅम्पेनमधील बुडबुडे बाटलीतच जन्मतात. वाइन बाटलीत भरल्यावर ती साखर आणि यीस्ट यांच्यामुळे पुन्हा आंबते. निर्माण होणारा वायू बुचामुळे कोंडला जातो. त्याच वेळी मृत यीस्टचा गाळही तळाशी साचतो आणि वाइन गढूळ दिसते. तो काढण्यासाठी बाटल्या पुन्हा पुन्हा रिकाम्या करून भराव्या लागत. यात वेळ जाई आणि बुडबुडेही विरत. 1816 च्या सुमारास मादाम क्लिको यांनी तळघरप्रमुख अंत्वान द म्युलेर यांच्या मदतीने एका मेजाला तिरकी भोके पाडून घेतली आणि त्यांत बाटल्या मान खाली करून रोवल्या. काही आठवडे त्या रोज थोड्याथोड्या फिरवल्या की गाळ घसरत बुचापाशी जमे. बूच काढताच वायूच्या दाबाने तो बाहेर उडे आणि आत नितळ वाइन उरे. उपाय इतका साधा की तो आधी कोणाला सुचला नाही, याचेच नवल वाटते.

यानंतर त्यांनी रंगाकडे लक्ष वळवले. काळ्या द्राक्षांचा रस मुळात फिकट असतो; तांबडा रंग येतो तो सालींतून. गुलाबी शॅम्पेन त्याआधीही विकली जाई, पण ती बहुधा एल्डरबेरीच्या फळांपासून केलेल्या अर्काने रंगवलेली असे. मादाम क्लिको यांना हा वरवरचा रंग पटत नव्हता. रेंसच्या दक्षिणेला बूझी गावात घराण्याचे द्राक्षमळे होते. तेथील काळ्या पिनो न्वार द्राक्षांची तांबडी वाइन त्यांनी 1818 मध्ये पांढऱ्या वाइनमध्ये मिसळली. रंगाबरोबर द्राक्षाची चवही उतरली. तांबड्या आणि पांढऱ्या वाइनच्या मिश्रणातून केलेली ही पहिली ज्ञात गुलाबी शॅम्पेन मानली जाते. (इटलीतील लांब्रुस्को आणि ऑस्ट्रेलियातील शिराझ यांसारख्या पूर्ण तांबड्या फसफसत्या वाइनची परंपरा मात्र निराळी.) त्याच सुमारास, डिसेंबर 1817 मध्ये, जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून कंपनी सरकारकडे गेले होते आणि 1818 मध्ये पेशवाईही संपली.

उत्तरायुष्य सारे सुखाचे नव्हते. 1820 च्या दशकात त्यांनी बँकिंगमध्ये पाऊल टाकले आणि ते अंगाशी आले. पेढी सावरली ती जर्मनीहून आलेल्या एदुआर्द वेर्ले यांनी. 1831 मध्ये त्यांना भागीदार करून 1841 मध्ये मादाम क्लिको निवृत्त झाल्या. वारसा मुलीकडे किंवा जावयाकडे न देता त्यांनी कर्तबगार सहकाऱ्याकडे सोपवला. पुनर्विवाहही त्यांनी केला नाही. 29 जुलै 1866 रोजी बूर्सो येथील आपल्या वाड्यात, वयाच्या 88 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

2010 मध्ये बाल्टिक समुद्रात ऑलंड बेटांजवळ बुडालेल्या एका जहाजात जुन्या शॅम्पेनच्या 168 बाटल्या सापडल्या. त्यांतील काही बाटल्या मादाम क्लिको यांच्या पेढीच्या होत्या. तपासणीत त्या शॅम्पेनमध्ये लिटरला 140 ग्रॅमहून अधिक साखर आढळली. आजच्या ‘ब्रूट’ प्रकारात ती 12 ग्रॅमपेक्षाही कमी असते. हे घराणे आता ज्या उद्योगसमूहाकडे आहे, त्याने 2013 मध्ये नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांची फसफसती वाइनही बाजारात आणली. तिच्यात गुलाबी प्रकार होता. बूझीतील क्लो कोलां नावाच्या मळ्यातली तांबडी वाइन अजूनही या घराण्याच्या निवडक गुलाबी शॅम्पेनमध्ये मिसळली जाते.