अरण्यरुदन ऐकणारा चित्रकार : थॉमस कोल

अरण्यात केलेले रडणे कोणाच्या कानी पडत नाही, म्हणून निष्फळ आक्रोशाला आपण अरण्यरुदन म्हणतो. परंतु खुद्द अरण्यच रडू लागले तर? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एक चित्रकार असा होऊन गेला की, ज्याने हे रडणे ऐकले. १८४१ साली त्याने अरण्याच्याच तोंडून विलाप करणारी एक कविता लिहिली. आणि कवितेहूनही अधिक ठळकपणे तो विलाप कॅनव्हासवर उतरवला. त्याचे नाव थॉमस कोल. अमेरिकन निसर्गचित्रणातील ‘हडसन रिव्हर स्कूल’ ह्या परंपरेचा तो जनक मानला जातो. त्याच्या आयुष्यात जो प्रश्न उभा राहिला, तो आपल्याही दाराशी उभा आहे असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोलचा जन्म १ फेब्रुवारी १८०१ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात बोल्टन येथे झाला. बोल्टन म्हणजे कापडगिरण्यांचे गाव. अरण्याचा हा भक्त जन्माला आला तो धुराड्यांच्या सावलीत! घरची परिस्थिती बेताची. वडिलांच्या धंद्यात बरकत नव्हती. शिकण्याच्या वयात थॉमस कापडावर नक्षी छापण्याचे ठसे कोरण्याच्या कामाला लागला. पुढे १८१८ साली नशीब काढण्यासाठी हे कुटुंब अमेरिकेला गेले. तेथे वडिलांनी ओहायो राज्यातील स्ट्युबेनव्हिल येथे भिंतींना लावायच्या कागदाचा व्यवसाय मांडला. थॉमसने त्यात हातभार लावला आणि नंतर रंगपेटी घेऊन गावोगाव लोकांची व्यक्तिचित्रे काढत तो हिंडला. कोणत्याही कलाशाळेत रीतसर शिक्षण घेण्याची सवड त्याला मिळाली नाही. जे शिकला ते बघून, करून आणि पोटाला चिमटा घेऊन.

१८२५ साली तो न्यूयॉर्कला आला व हडसन नदीच्या काठाने कॅट्स्किल पर्वतात गेला. तेथून परतल्यावर रंगवलेली त्याची तीन चित्रे विक्रीला ठेवली होती. जॉन ट्रंबुल हा ज्येष्ठ चित्रकार, विल्यम डनलॅप आणि अॅशर ड्युरँड ह्या तिघांनी ती विकत घेतली. चोवीस वर्षांचा हा अनोळखी तरुण बघता बघता प्रसिद्धीस आला. १८२६ साली स्थापन झालेल्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनच्या संस्थापक सभासदांत त्याचे नाव आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १८२६ साली त्याने कॅटर्स्किल धबधब्याचे चित्र काढले. त्या काळी तेथे प्रवाशांची वर्दळ सुरू झालेली होती. जवळच १८२४ साली पर्वतावर एक मोठे हॉटेल उघडले होते, आणि धबधब्यापाशी प्रेक्षकांसाठी कठडे व सज्जे उभारलेले होते. कोलने ते सारे गाळले. त्याऐवजी एकटा उभा असलेला एक आदिवासी त्याने रंगवला. ज्या भूमीला तो मनुष्याचा हात न लागलेले अरण्य समजत होता, तेथे मोहिकन व इतर जमाती पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या आणि गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना हुसकावले होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे तरुण कोलचा निसर्ग हा जसा होता तसा नव्हे, तर जसा असावा असे त्याला वाटे तसा होता.

वास्तव निराळेच होते. कॅट्स्किलच्या उतारांवर हेमलॉक नावाच्या सदाहरित वृक्षांची दाट राने होती. आपल्याकडे कातडे कमावण्यासाठी जशी बाभळीची साल वापरतात, तशी तिकडे हेमलॉकची साल वापरीत. कातडी कमावण्याचे मोठमोठे कारखाने त्या डोंगरांत निघाले. सालीसाठी झाड पाडायचे, साल सोलून न्यायची आणि प्रचंड खोड पुष्कळदा तिथेच कुजत टाकायचे, अशी रीत होती. त्यात शेतीसाठी रान साफ करणारे वसाहतवाले आले, आणि मागोमाग रेल्वे आली.

१८२९ ते १८३२ ही वर्षे कोलने इंग्लंड, फ्रान्स व इटली येथे काढली. रोमचे भग्नावशेष पाहून त्याच्या मनाला एकच प्रश्न लागला. एवढे वैभव उभारणारा माणूस स्वतःच्याच हाताने ते मातीला का मिळवतो? परतल्यावर ल्यूमन रीड ह्या न्यूयॉर्कच्या धनिक किराणा व्यापाऱ्यासाठी त्याने ‘साम्राज्याचा प्रवास’ ही पाच चित्रांची मालिका १८३६ साली पुरी केली. पाचही चित्रांत जागा एकच. पहिल्यात रानटी अवस्था, दुसऱ्यात मेंढपाळांचे शांत जीवन, तिसऱ्यात संगमरवरी वैभव, चौथ्यात युद्ध व विध्वंस, आणि पाचव्यात चंद्रप्रकाशात वेलींनी वेढलेला एकाकी खांब. माथ्यावर शिळा तोललेला एक डोंगर मात्र पाचही चित्रांत तसाच उभा आहे! वैभवाच्या चित्रात झाडे जवळजवळ दिसेनाशी होतात, हे मला फार सूचक वाटते.

त्याच १८३६ साली अमेरिकेच्या निसर्गावरील त्याचा प्रसिद्ध निबंध छापून आला. युरोपजवळ प्राचीन वास्तू आहेत, तर अमेरिकेजवळ तिचे रान आहे, हीच तिची खरी संपत्ती, असे त्याने मांडले. आणि ही संपत्ती कुऱ्हाडीखाली झपाट्याने नाहीशी होत आहे, ह्याबद्दल खंत व्यक्त केली. परंतु प्रगती थांबवा असे तो म्हणाला नाही. समाजाला ह्या वाटेने जावेच लागेल हे त्याने मान्य केले. त्याचे म्हणणे एवढेच की, ही वाट जाते कोठे, ते निदान डोळे उघडे ठेवून पाहा.

आणि वाट तर त्याच्याच घरावरून गेली. कॅट्स्किल गावी तो राहू लागला होता. १८३६ च्या नोव्हेंबरात तेथील मारिया बार्टो हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी कॅनाजोहारी व कॅट्स्किल रेल्वेसाठी गावाजवळच्या खोऱ्यातील झाडे तोडली जाऊ लागली. कोलने संतापून रीडला पत्र लिहिले आणि झाडे तोडणाऱ्यांना रानटी ठरवले. पुढे काही झाडे वाचणार असल्याचे कळताच त्याने आपला राग आवरता घेतला.

ह्यानंतर त्याने त्या खोऱ्याची दोन चित्रे काढली, आणि माझ्या मते कोलचे खरे मोठेपण ह्या दोन चित्रांमधल्या अंतरात आहे. पहिले १८३७ चे. त्यात खोरे पूर्वीसारखेच हिरवेगार आहे. डेरेदार झाडे आहेत, एक आई आपल्या बाळासाठी फुले आणते आहे. रेल्वेचा मागमूस नाही. जे डोळ्यांदेखत चालले होते ते जणू त्याने मनाच्या बळावर राखून ठेवले. दुसरे चित्र १८४३ चे. जागा तीच, डोंगर तेच. पण पुढची झाडे गेली आहेत. तोडलेल्या खोडांमध्ये एक कुऱ्हाडवाला खोऱ्याकडे पाहत उभा आहे, आणि दूर पुलावरून एक इवलीशी आगगाडी धूर सोडीत चालली आहे. धबधब्यापाशी कठडे गाळणाऱ्या कोलने आता बुंधे गाळले नाहीत!

ह्याहून मोठी खेदाची गोष्ट पुढेच आहे. हे चित्र पुरे होण्याआधीच, १८४२ साली, ती रेल्वे आर्थिक अडचणींमुळे बंद पडली होती. शंभर-शंभर वर्षे वाढलेली झाडे जिच्यासाठी पडली, ती रेल्वे दहा वर्षेही टिकली नाही.

कुऱ्हाड धरणारा माणूस रानटी, असे कोल रागाच्या भरात म्हणाला. तेवढ्यापुरता मी त्याच्याशी सहमत नाही. माझे आजोबा सह्याद्रीच्या रानात एका ठेकेदाराच्या कोळसाभट्टीवर मजुरी करीत. रान तोडून भट्टी लावणे हा त्यांचा उद्योग होता, आणि त्या मजुरीवरच आमच्या घरात चूल पेटली. ते रानटी नव्हते. कोणत्या झाडावर कोणते पाखरू घरटे बांधते हे त्यांच्याइतके नेमके मला कोणत्याच पुस्तकात सापडलेले नाही. कोळसा शहरात जळत होता आणि नफा ठेकेदाराच्या पेटीत पडत होता. कुऱ्हाड एकाच्या हाती असते आणि तिचे फळ दुसऱ्याच्या. कोलची चित्रे विकत घेणारे धनिकसुद्धा ह्याच व्यापारी भरभराटीची लेकरे होती. १८४३ च्या चित्रात मात्र मला हा राग दिसत नाही. त्यातला कुऱ्हाडवाला राक्षस नाही. तोही खोऱ्याकडे पाहतो आहे, जसा चित्रकार पाहतो आहे, जसे आपण पाहतो आहोत. बघणाऱ्या तिघांनाही त्या उजाड उतारावर उभे करण्याची ताकद त्या चित्रात आहे.

११ फेब्रुवारी १८४८ रोजी कॅट्स्किल येथेच कोलचे निधन झाले. वय अवघे ४७. त्याच्या हाताखाली शिकलेला फ्रेडरिक चर्च पुढे अमेरिकेचा नामवंत चित्रकार झाला. १८८५ साली न्यूयॉर्क राज्याने कॅट्स्किल व अॅडिरॉनडॅक भागांतील सरकारी रान राखून ठेवण्याचा कायदा केला, आणि १८९४ साली राज्याच्या घटनेतच त्याला कायमचे संरक्षण दिले. हे कोलच्या चित्रांनी घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पाण्याची व पैशाची गणितेही त्यामागे होती. परंतु ज्या डोंगरांकडे लोक फक्त साल आणि लाकूड म्हणून पाहत होते, त्यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहायला शिकवणाऱ्यांत कोल अग्रभागी होता, ह्यात शंका नाही.

आपल्याकडेही रस्ते रुंद होतील, धरणे होतील, वसाहती वाढतील. माणसाला पोट आहे, तोवर काही झाडे पडतीलच. कोलने त्यावर कोणता तोडगा सांगितला नाही. त्याने एवढेच दाखवून दिले की, झाड पडले तर त्याचा बुंधा चित्रातून पुसायचा नसतो. ते कशासाठी पडले आणि जे मिळाले ते किती दिवस टिकले, हा हिशेब पुढची पिढी मागणारच. तेव्हा दाखवायला निदान बुंधा तरी शिल्लक असावा.