कवटी मोजणाऱ्या इरावतीबाई



विज्ञानाच्या तासाला आपण सांगाडा शिकतो. तान्ह्या बाळाच्या अंगात सुमारे ३०० हाडे असतात. वाढताना त्यांतली काही एकमेकांना जुळतात आणि मोठ्या माणसात २०६ उरतात. कानातली चिमुकली हाडे सोडली तर कवटीत २२ हाडे असतात. हे आकडे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पण याच कवटीचा अभ्यास करून एका मराठी बाईंनी मोठे सत्य मांडले. त्या म्हणजे डॉ. इरावती कर्वे.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शाळेसाठी लहानपणीच त्या पुण्यात हुजूरपागेत आल्या. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सूनबाई झाल्या.

उच्च शिक्षणासाठी त्या बर्लिनला गेल्या. तेथील त्यांचे प्राध्यापक ऑयगेन फिशर गोऱ्या लोकांना जन्मानेच श्रेष्ठ मानत आणि त्याचा पुरावा कवटीत शोधत. इरावतीबाईंनी अनेक कवट्या बारकाईने मोजल्या. कवटीची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, पण या फरकाचा वंशाशी काही संबंध नाही, असे त्यांना आढळले. परक्या देशात, गुरूंच्या मताविरुद्ध जाऊन त्यांनी तेच प्रबंधात लिहिले. पुढे हिटलरच्या राजवटीने वंशश्रेष्ठत्वाच्या नावाखाली लाखो निरपराधांचे बळी घेतले. यावरून त्या निष्कर्षाचे मोल कळते.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. गुजरातेत लांघणज येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर उत्खननात त्यांनी आदिमानवाचे सांगाडे अभ्यासले. संशोधनासाठी त्या गावोगाव हिंडल्या. आपल्या कर्नाटकातल्या लोकांचाही त्यांनी अभ्यास केला. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

मंठाळच्या मुलांना ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्या शेजारच्याच कल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जन्मावरून उच्चनीच मानणे नाकारले होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजून तीच दिशा धरली. म्हणून सांगाडा शिकताना २०६ हा आकडा जरूर लक्षात ठेवा. पण त्यातले एकही हाड कुणाला उच्च वा नीच ठरवत नाही, हेही विसरू नका. पालकांनी घरी मुलांशी यावर जरूर बोलावे, ही आमची विनंती.