भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (जन्म: इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील थोर भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. सातव्या शतकातील भास्कर प्रथम यांच्याहून ते वेगळे आहेत. शक्य पर्यायांची यादी न करता त्यांची संख्या काढण्याच्या रीती त्यांनी 'लीलावती' ग्रंथात व्यवहारातील उदाहरणांसह मांडल्या.

जीवन

आपला जन्म शके १०३६ मधील असल्याचे भास्कराचार्यांनी स्वतःच नोंदविले आहे. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे त्यांचे गाव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. 'करणकुतूहल' हा ग्रंथ इ.स. ११८३चा आहे.

निवड व मांडणी यांचे गणित

सहा रसांपासून किती चवी सिद्ध होतील, हा 'लीलावती'तील एक प्रश्न आहे. दोन रस निवडण्याचे प्रकार ६ × ५ ÷ (१ × २) = १५ होतात; त्यास ४ने गुणून ३ने भागल्यास तीन रसांचे २० प्रकार मिळतात. एकापासून सहा रसांपर्यंतचे सर्व प्रकार ६३ भरतात. आठ झरोक्यांच्या राजवाड्यात एक वा अधिक झरोके उघडे ठेवण्याचे प्रकार याच रीतीने २५५ येतात. छंद, शिल्प, संगीत व वैद्यक यांत या गणिताचा उपयोग होतो, असे त्यांनी सांगितले आहे. निवडीचा हा नियम श्रीधर व महावीर या पूर्वाचार्यांनाही ठाऊक होता.

ग्रंथाच्या अखेरच्या 'अंकपाश' प्रकरणात क्रमाचा विचार येतो. विष्णूच्या चार हातांतील आयुधांची अदलाबदल २४ प्रकारे होते. शंकराच्या दहा हातांत मात्र हीच संख्या ३६,२८,८०० होते. अंक पुनरुक्त असल्यास प्रकार घटतात. २, २, १, १ या अंकांपासून २४ नव्हे, तर ६च संख्या तयार होतात.

वारसा

पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने राजपंडित केले. नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात त्याची नोंद आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने इ.स. १५८७ मध्ये 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या असल्याची प्रसिद्ध कथा त्या अनुवादात येते. मूळ ग्रंथात ती नाही.