विश्लेषण : भास्कराचार्यांनी अगस्त्य ताऱ्याचे काय मोजले, काय राहून गेले?

फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास चाळीसगावातून दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर एक ठळक तारा दिसतो. हा अगस्त्य. रात्रीच्या आकाशातील तेजस्वी ताऱ्यांत लुब्धकानंतर याचाच क्रमांक. या ताऱ्याचे स्थान आपल्या ग्रंथात आकड्यांत नोंदवणाऱ्या गणितज्ञाचा चाळीसगावजवळच्या पाटण गावाशी जवळचा संबंध आहे. ते म्हणजे भास्कराचार्य.

कोण होते भास्कराचार्य?

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी पाटण म्हणतात, कोणी बीड, तर कोणी विजापूर.

वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. ११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. लीलावती ही त्यांची मुलगी होती, ही कथा मात्र फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली.

अगस्त्याबद्दल त्यांनी काय लिहिले?

ग्रहगणितात अगस्त्याचा ध्रुवक ८७ अंश आणि शर दक्षिणेस ७७ अंश दिला आहे. हे आकडे ब्रह्मगुप्तापासून चालत आलेल्या परंपरेतले. सूर्य किती जवळ आला की तारा दिसेनासा होतो, त्याचेही माप दिले आहे: अगस्त्यासाठी १२ अंश, लुब्धकासाठी १३. पावसाळा सरताना पहाटे अगस्त्य पुन्हा कधी दिसू लागेल, हे यावरून काढता येई. पंचांग करणाऱ्यांना एवढे पुरेसे होते.

मग राहिले काय?

तारा किती दूर, किती मोठा, किती तापलेला, हे डोळ्याने आणि नळीयंत्राने कळणे शक्यच नव्हते. त्यासाठी ताऱ्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून तपासणारी उपकरणे लागतात. ती आली १९व्या शतकात. अचूक अंतर तर १९८९ मध्ये सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहामुळे मिळाले.

आज काय माहीत आहे?

अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे. रंग पिवळसर पांढरा. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ७,००० अंश सेल्सिअस, तर सूर्याचे साडेपाच हजार. व्यास सूर्याच्या सुमारे ७० पट. म्हणजे सूर्याच्या जागी ठेवला तर तो जवळजवळ बुधाच्या कक्षेपर्यंत पोहोचेल. तेज सूर्याच्या दहा हजार पटींहून जास्त. म्हणूनच त्याची गणना महाकाय ताऱ्यांच्या वरच्या वर्गांत होते.

लुब्धक त्याच्याहून ठळक दिसतो, तो केवळ ८.६ प्रकाशवर्षांवर असल्यामुळे. त्याचे खरे तेज सूर्याच्या २५ पट इतकेच आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात हे दोन तारे शेजारी शेजारी आले आहेत. त्यांच्यातला हा फरक कळायला मात्र कित्येक शतके जावी लागली.

त्यांचे काम टिकले कसे?

याचा एक पुरावा चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, पाटणच्या देवीच्या मंदिरातील शिलालेखात आहे. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ उभारला. १२०७ मध्ये त्या मठाला दान मिळाले. लेखाच्या शेवटी मराठी ओळी आहेत: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून मठाला काय द्यायचे, याचा तो ठराव. म्हणजे ताऱ्यांच्या गणिताचा खर्च गावच्या बाजाराने उचलला होता. १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण झाला त्या वर्षी अगस्त्यावरून निघालेला प्रकाश पृथ्वीवर पोहोचला तो १४६० च्या आसपास. तोवर यादवांचे राज्य लयाला गेले होते. ग्रंथ मात्र शिकवले जातच होते.