रुपेरी केसांची जीन

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातली एक मुलगी डोक्याला रुमाल बांधूनच बैठकीला आली. भावाच्या लग्नासाठी केस सोनेरी करून घेतले होते, ते झाले पितळी! चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखे. ती रडवेली, आणि मला मात्र जीन हार्लो आठवली.

ही हॉलिवूडची नटी. 1911 साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत जन्मली. खरं नाव हार्लीन कार्पेंटर. सिनेमात गेल्यावर आईचं माहेरचं नाव घेतलं. नटी व्हायचं स्वप्नही मुळात आईचंच! सोळाव्या वर्षी पळून जाऊन लग्न, मग 1930 चा ‘हेल्स एंजल्स’ आणि 1931 चा ‘प्लॅटिनम ब्लाँड’. त्या नावानंच ती ओळखली जाऊ लागली. बायका तिच्यासारख्या केसांसाठी वेड्या झाल्या.

तिचे केस मुळातच फिके, तरी चांदीसारखे दिसायला दर आठवड्याला पेरॉक्साइड, अमोनिया, कपड्यांचं ब्लीच आणि साबणचुरा लावत म्हणे. (ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू निघतो, बायांनो, घरी चुकूनही नको!) केस तुटू, गळू लागले. पुढे टोप आले. 1936 च्या ‘वाइफ व्हर्सेस सेक्रेटरी’त तर ती गडद केसांतच दिसते.

खरं तर रंग काढला की आपल्या काळ्या केसांतून आधी तांबूस-नारिंगी आणि मग पिवळा रंग वर येतो. तो आणखी ब्लीचनं जात नाही, केसच जातात. पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा आपण निळीनं घालवतो ना, तसंच इथे. पिवळ्यावर जांभळा शांपू, नारिंगीवर निळा. आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटंच, नाहीतर केस जांभळट दिसतात. जास्त पितळी असतील तर पार्लरमधून टोनर लावून घ्यावा. कपड्यांची नीळ मात्र डोक्याला नको हं.

जीन 7 जून 1937 ला गेली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. केसांच्या रंगानं मेली, अशी कंडी पिकली. मला याचा राग येतो. बाई गेली तरी दोष तिच्या नटण्यालाच! तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. पंधराव्या वर्षी तिला स्कार्लेट फीव्हर झाला होता, त्याचाच तो परिणाम असावा असं मानतात. अर्धवट राहिलेला ‘साराटोगा’ दुसरी मुलगी पाठमोरी उभी करून पुरा केला आणि त्याच जुलैत लावला.

आमची ती मुलगी जांभळा शांपू घेऊन गेलीय. लग्न येत्या रविवारी आहे.