वीस दिवसांची वाट तीन तासांत कापणारा मास्तर : बेन आयल्सन

अलास्काच्या नकाशावर फेअरबँक्स आणि मॅकग्राथ ही दोन गावं शोधा. मधलं अंतर सुमारे ४५० किलोमीटर. आपल्याकडे एका रात्रीच्या एसटीचा प्रवास. पण शंभर वर्षांपूर्वी हिवाळ्यात या वाटेवर टपाल जायचं ते कुत्र्यांच्या स्लेजवरून, आणि त्याला लागायचे अठरा ते वीस दिवस!

हे गणित ज्याने बदललं, तो खरोखरच गणित-विज्ञान शिकवणारा मास्तर होता. कार्ल बेन आयल्सन. जन्म १८९७, नॉर्थ डकोटातलं हॅटन गाव, आईवडील नॉर्वेजियन वंशाचे. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात विमान चालवायला शिकला, पण आघाडीवर जाण्याआधीच युद्ध संपलं. पुढे १९२२ मध्ये फेअरबँक्सच्या हायस्कूलात नोकरी मिळाली. मुलांना शिकवता शिकवता त्याने गावातल्या लोकांना विमानासाठी पैसे घालायला राजी केलं. मास्तरकीपेक्षा हे काम त्याला जास्त जमलं असावं!

२१ फेब्रुवारी १९२४. टपाल खात्याने दिलेलं डी हॅविलँड विमान, चाकांऐवजी स्की, वैमानिकाची जागा उघडी, रेडिओ नाही आणि मागे जवळपास ७५ किलो टपाल. आयल्सन फेअरबँक्सहून उडाला आणि तीन तासांच्या आत मॅकग्राथला उतरला. परतीला मात्र वाट चुकली, अंधार पडला. गावकऱ्यांनी पेटवलेल्या शेकोट्यांच्या उजेडात उतरताना विमान उलटलं. तो सुखरूप होता. पण अशा अपघातांमुळे ठरलेल्या दहा फेऱ्यांपैकी आठ होताच टपाल खात्याने करार मोडला आणि टपाल पुन्हा कुत्र्यांकडे गेलं.

आयल्सन काही थांबला नाही. १९२७ मध्ये संशोधक ह्यूबर्ट विल्किन्सबरोबर तो आर्क्टिकवर उडाला. इंजिन बिघडलं, गोठलेल्या समुद्रावर उतरावं लागलं, आणि दोघे बर्फावरून पायी किनाऱ्याला आले. हिमदंशाने आयल्सनचं एक बोट गेलं. तरी पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२८ मध्ये, दोघांनी अलास्काच्या उत्तर टोकावरच्या पॉइंट बॅरोहून थेट स्पिट्सबर्गन गाठलं. अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर, वेळ २० तास २० मिनिटं. शेवटी वादळात एका निर्जन बेटावर उतरून त्यांना पाच दिवस विमानातच काढावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघांनी अंटार्क्टिकावरही पहिल्यांदा विमान नेलं.

१९२९ च्या हिवाळ्यात सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ 'नानुक' नावाचं जहाज बर्फात अडकलं. त्यावरची माणसं आणि मौल्यवान कातडी आणायचं काम आयल्सनच्या कंपनीने घेतलं. कंपनीचा व्यवस्थापक असूनही तो स्वतः विमान घेऊन गेला. ९ नोव्हेंबरला तो आणि मेकॅनिक अर्ल बोरलंड वादळात निघाले ते पोचलेच नाहीत. अडीच महिन्यांनी, जानेवारी १९३० मध्ये, इतर वैमानिकांना बर्फातून वर आलेला विमानाचा पंख दिसला. मृतदेह सापडायला आणखी काही आठवडे गेले. आयल्सन तेव्हा ३२ वर्षांचा होता.

फेअरबँक्सजवळच्या अमेरिकी हवाई दलाच्या तळाला आज त्याचं नाव आहे. आणि मॅकग्राथला? तिथे आजही रस्ता पोचलेला नाही. लोक विमानानेच ये-जा करतात.